शेवटचं कडवं गाळू नका

आजच्या भागात कर्जाचे हप्ते नाहीत, शेळ्यांचं लसीकरण नाही आणि गटाचं ऑडिटही नाही. आज आम्ही गाण्यांबद्दल बोलणार आहोत, आणि ती गाणी रचणाऱ्या आणि गाणाऱ्या एका माणसाबद्दल. माणूस आपल्याच नाशिक जिल्ह्यातला, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. नाव वामन तबाजी कर्डक. ओळखणारे त्यांना वामनदादा म्हणतात.

तुमच्या गटात एकदा विचारून बघा. ‘उद्धरली कोटी कुळे’ हे गाणं कोणाकोणाला ठाऊक आहे? जवळजवळ सगळ्या हात वर करतील. चाल गुणगुणून दाखवा म्हटलं तर तेही जमेल, कारण १४ एप्रिलला ते गावोगावी वाजतं. मग विचारा, हे लिहिलं कोणी? आम्ही आमच्या गटांच्या बैठकांमधून हा प्रश्न विचारत फिरलो. कोणी गायकाचं नाव सांगितलं, कोणी ‘ते जयंतीचं गाणं आहे’ म्हणालं, कोणी म्हणालं, ‘ते पहिल्यापासूनच आहे.’ वामनदादांचं नाव क्वचितच आलं. गाणं घरोघरी पोचलं आणि गाणं करणारा दारातच राहिला.

म्हणून आज तीन गोष्टी समजून घेऊ. हा माणूस कोण होता? त्याचं गाणं एकदा ऐकलं की डोक्यात का बसतं? आणि इतकं डोक्यात बसलेलं असून त्याचं नाव का गळतं? तिसरी गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या बायकांच्या गाण्यांनाही लागू आहे.

आधी माणसाची ओळख. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. आई सईबाई, वडील तबाजी. तो काळ आपल्या जिल्ह्यात मोठ्या घडामोडींचा होता. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता. त्या सत्याग्रहात बायकाही होत्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तो तेरा वर्षांचा. पण तोवर त्याला अक्षर-ओळख नव्हती.

पुढे पोटासाठी मुंबई गाठली. गिरणीत, कोळशाच्या वखारीत, मिळेल तिथे काम केलं आणि चाळीत राहिले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका माणसाने त्यांच्यापुढे पत्र धरलं आणि म्हणाला, ‘एवढं वाचून दाखवा.’ वामनदादांना वाचता येत नव्हतं. त्यांना रडू कोसळलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून ते बाराखडी शिकले आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला लागले. आपल्यापैकी कितीतरी जणींनी बँकेच्या कागदावर अंगठ्याच्या जागी पहिली सही केली, ती पंचविशी-तिशी उलटल्यावर. त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

१९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं, आणि पुढची साठ वर्षं ते रचत आणि गात राहिले. गाणी हजारोंनी झाली. गावोगावी जायचं, मिळेल त्या अंगणात, चौकात, मंडपात उभं राहायचं आणि गायचं. त्यांच्या गाण्यांची पुस्तकंही निघाली. ‘वाटचाल’ १९७३ मध्ये, ‘मोहळ’ १९७६ मध्ये आणि ‘हे गीत वामनाचे’ १९७७ मध्ये. १५ मे २००४ ला ते गेले.

इथे एक गल्लत टाळायला हवी. आपल्या जिल्ह्याने कर्डक आडनावाचे दोन मोठे गाणारे दिले. त्यांपैकी भीमराव कर्डक हे आधीच्या पिढीतले. १९३० च्या दशकात त्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. जलसा म्हणजे गाणं, संवाद आणि वग यांतून लोकांना शहाणं करणारा कार्यक्रम. त्याआधी सत्यशोधक समाजाच्या लोकांनीही जलसे केले होते. म्हणजे वामनदादा एकटे उगवले नाहीत. त्यांच्या आधी वाट पडलेली होती, त्या वाटेवर त्यांनी आपली पावलं उमटवली.

आता दुसरी गोष्ट. त्यांचं गाणं डोक्यात का बसतं?

पहिलं कारण चाल. जलशात आणि तमाशात एक जुनी रीत आहे. गाण्याच्या वहीत गाण्यावर आधी ‘चाल’ असा शब्द लिहितात आणि पुढे लोकांना ठाऊक असलेल्या एखाद्या गाण्याचं नाव. म्हणजे हे नवं गाणं त्या जुन्या चालीवर म्हणायचं. वामनदादांनीही सुरुवात सिनेमाच्या चालींवर शब्द बसवून केली. आपल्यालाही हे नवं नाही. हळदीची गाणी, मंगळागौरीची गाणी आपण अशीच करतो. चाल ओळखीची असली की ऐकणारीला फक्त शब्द नवे असतात, आणि दुसऱ्या वेळी तीही सोबत म्हणायला लागते. सभेत बसलेल्या माणसाला छापील कागद देता येत नाही, दिला तरी त्या काळी वाचणारे थोडे. तेव्हा ओळखीची चाल हाच कागद.

दुसरं कारण गाण्याचं माप. इथे जरा बोटं मोजायला घ्या. ‘उद्धरली कोटी कुळे’ यातली अक्षरं मोजा. उ, द्ध, र, ली, को, टी, कु, ळे. आठ. त्याच्या पुढचा अर्धाही आठच अक्षरांचा आणि दोन्हींच्या शेवटी यमक. हे माप कुठलं? लहान अभंगाचं. तुकोबांचे कितीतरी अभंग याच आठ-आठच्या मापात आहेत. दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ महाराजांची दिंडी आपल्या भागातून पंढरपूरला जाते. त्या टाळांच्या ठेक्यात ज्याचा कान तयार झाला, त्याला हे गाणं पहिल्याच ऐकण्यात आपलं वाटतं. आपल्याला ते का आवडलं हे सांगता येत नसेल, पण कान ते माप ओळखतो.

आणि त्यात शब्द कोणता घातला तेही पाहा. कुळं उद्धरणं हा कीर्तनातला शब्द. तिथे कुळ उद्धरतं ते भक्तीने, तीर्थाने. वामनदादांनी तोच शब्द उचलला आणि एका शिकलेल्या माणसाच्या जन्माला लावला. पुस्तकाने, कायद्याने, पाण्याच्या हक्काने कुळं उद्धरली, असा नवा अर्थ जुन्या शब्दात भरला. मोठा विचार आहे, पण सांगण्यात जडपणा नाही.

आता दुसरं माप. त्यांचं ‘भीमा तुझ्या मताचे’ हे गाणं घ्या. यात अक्षरं किती यापेक्षा लांब-आखूड कसं येतं हे महत्त्वाचं. लांब अक्षराला ‘गा’ म्हणा आणि आखूड अक्षराला ‘ल’. दोन आखूड एकत्र आली की एक लांब धरायचं. आता ताल बघा: गा गा ल गा ल गा गा. शाळेत प्रत्येक मुलगी जे म्हणते, ते इक्बाल यांचं ‘सारे जहाँ से अच्छा’ याच मापात आहे. म्हणताना त्यातला ‘से’ आखूड होतो, एवढंच. आशा भोसल्यांनी गायलेली सुरेश भटांची ‘केव्हा तरी पहाटे’ ही गझलही याच मापाची. या वृत्ताला आनंदकंद म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, ठेका विसरू नका.

हे माप आपल्यालाही जमतं. आमच्या बैठकीत आम्ही ते टाळ्यांवर बसवून पाहिलं आणि आपलीच एक ओळ केली:

हातात ही वही घे, नावे लिही सखे तू

मोजून पाहा. हा, ता, त, ही, व, ही, घे. पुढे ना, वे, लि, ही, स, खे, तू. दोन्हीकडे गा गा ल गा ल गा गा. ही ओळ तुम्ही ‘सारे जहाँ से’च्या चालीवर म्हणू शकता. ज्या ताईंना कविता म्हणजे शाळेतला कठीण धडा वाटायचा, त्या दहा मिनिटांत ओळी जोडायला लागल्या. गाणं रचणं ही जादू नाही, ते माप शिकण्याचं काम आहे. ब्लाउज शिवताना जसं आधी माप घेतो, तसंच. चांगल्या गाण्यात शिवण दिसत नाही, पण ती असते.

पण नुसतं माप बसलं म्हणजे गाणं टिकत नाही. त्यात सांगायलाही काहीतरी लागतं. वामनदादांच्या गाण्यांची खरी गंमत हीच आहे की चाल गोड आणि बोलणं तिखट.

‘भीमा तुझ्या मताचे’ हेच घ्या. नाव ऐकून वाटतं की हे स्तुतीचं गाणं असेल. नीट ऐकलं तर कळतं की ते आपल्याच माणसांना टोचणारं आहे. तुझ्या विचाराची खरी माणसं अगदी पाच जरी असती, तरी चित्र वेगळं असतं, असा त्याचा सूर. बाहेरच्याला शिव्या देणं सोपं. आपल्याच लोकांसमोर उभं राहून, त्यांच्याच टाळ्यांच्या ठेक्यावर त्यांना आरसा दाखवणं अवघड. आमच्या बैठकीत हे गाणं समजावून सांगितलं तेव्हा एक ताई पटकन म्हणाल्या, ‘आपल्या गटात बाया तेरा, पण गटाच्या मताच्या किती?’ सगळ्या हसल्या. मग जरा वेळ कोणी बोललं नाही.

दुसरं एक गाणं देशाच्या संपत्तीचा हिशोब मागतं. टाटा, बाटा अशी मोठ्या कंपन्यांची नावं घेऊन ते सरळ विचारतं की या साठ्यात आमचा वाटा कुठे आहे? टाटा, बाटा, साठा, वाटा ही यमकं इतकी सहज जुळली आहेत की लहान मुलंही नाचत म्हणतात. पण ‘वाटा’ हा शब्द आपल्या कामाचा आहे. वर्षाच्या शेवटी गटाचा नफा मोजताना आपण हाच शब्द वापरतो. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबाऱ्यात वाटा आहे का, असंही त्याच चालीत विचारता येईल. चांगल्या गाण्याचं हेच लक्षण. ते एका जागी बसून राहत नाही, ऐकणारी आपला प्रश्न घेऊन त्यात शिरते.

आता तिसरी गोष्ट. एवढं सगळं असून नाव का गळतं?

एक कारण असं की गाणं लिहितो एक आणि लोकांपर्यंत नेतो दुसरा. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या घराण्यातल्या गायकांचे आवाज गावोगावी पोचले. त्यांचे उपकार मोठेच. पण ऐकणाऱ्याच्या मनात आवाजाचं नाव पुढे राहतं आणि शब्दांचं नाव मागे पडतं. सिनेमातही असंच होतं. लताबाईंचं गाणं असं आपण म्हणतो, ते कोणी लिहिलं हे विचारत नाही.

दुसरं कारण यंत्रांचं. जुनी लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. जलशातलं गाणं मात्र आठ-दहा कडव्यांचं, लोक डोलतील तसं लांबणारं. ते तबकडीवर बसवायचं म्हणजे कात्री लागणारच. मुखडा आणि दोन-तीन अंतरे, की संपलं. पुढे १९८० च्या आसपास कॅसेट आली. तासाभराच्या कॅसेटमध्ये एका बाजूला अर्धा तास गाणी बसत. ती स्वस्त होती, तालुक्याच्या बाजारात मिळायची, एसटी स्टँडवर वाजायची. आंबेडकरी गाण्यांना कॅसेटने पाय दिले. डबीच्या आतल्या कागदावर गीतकाराचं नाव असायचं, बारीक अक्षरात. कागद हरवला की नाव गेलं. आता पेन ड्राइव्ह आणि मोबाईल आला. तिथे तर कागदच नाही. गाण्याच्या जागी ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ एवढंच दिसतं. यंत्र सुधारत गेलं तसं गाणं दूर गेलं आणि नाव मात्र लहान होत होत पुसलं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या संतांची रीत आठवा. अभंगाच्या शेवटी कोण म्हणतंय ते सांगितलेलं असतं. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’. याला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा कवीने आपलं नाव गाण्यातच विणून ठेवलं, पदराला काठ विणावा तसं. वामनदादांनीही तेच केलं. त्यांच्या अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ असं नाव येतं. एका पुस्तकाच्या नावातही त्यांनी ते ठेवलं. म्हणजे आपलं नाव गळेल ही शंका त्यांना असणार, आणि त्यांनी त्यावर उपायही करून ठेवला होता.

पण आपण गातो काय? मुखडा आणि पहिलं कडवं. फार तर दुसरं. शेवटचं कडवं येईपर्यंत आपला दम संपतो, नाहीतर वेळ संपते, नाहीतर माईक दुसऱ्याला द्यायचा असतो. जिथे नाव आहे नेमकं तेच कडवं गळतं. जनाबाईचा अभंग अर्ध्यावर सोडला तर तो जनाबाईचा आहे हे कसं कळणार? तसंच हे.

आणि चौथं कारण आहे, ते बोलायला जड आहे, पण बोलू. गावात ही गाणी एका वस्तीतल्या कर्ण्यावर वाजतात. बाकीच्या आळ्यांना चाल ऐकू येते, पण ‘ती त्यांची गाणी’ असं म्हणून शब्दांकडे कोणी कान देत नाही. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी आपण मराठी भाषा गौरव दिन करतो. नाशिकला त्यांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या दिवशी देशवंडीच्या माणसाचं नाव किती मंचांवरून निघतं? तोही याच मातीतला, याच भाषेतला. आपल्या गटात सगळ्या आळ्यांच्या बाया एका सतरंजीवर बसतात. एकीच्या कर्जाला दुसरी जामीन राहते. मग एकीचं गाणं दुसरीच्या तोंडी यायला काय हरकत आहे? सतरंजी एक केली, आता गाण्याची वहीही एक करू.

यात आपलं काय, असं कोणी विचारेल. आपलं पुष्कळ आहे. जात्यावरच्या ओव्या कोणाच्या? बायकांच्या. पण कोणत्या बाईची कोणती ओवी, ते गेलं. जात्यावर नाममुद्रा नव्हती आणि लिहून घेणारं कोणी नव्हतं. अलीकडच्या काळात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. आता त्या इंटरनेटवर वाचता-ऐकता येतात. ओवी कितीही जुनी असो, ‘ही मला अमक्या गावच्या अमक्या बाईने सांगितली’ एवढं लिहिलं तरी ती बाई नाहीशी होत नाही.

आणि गटातल्या बाया आजही गाणी करतातच. दारूबंदीची, पाण्याची, मुलगी शिकवण्याची. ती एका मेळाव्यात म्हटली जातात, दुसऱ्या तालुक्यात उचलली जातात, कुणाच्या तरी मोबाईलमधून फिरतात. वर्षभराने तेच गाणं परत येतं आणि करणारीला ऐकू येतं, ‘हे पारंपरिक आहे.’ पारंपरिक म्हणजे काय? कधीतरी कोणीतरी केलेलं, ज्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतावर गीतकाराचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत आहे. याच कायद्यात गीतकाराचा आणखी एक हक्क आहे. गाण्याचा व्यवहार विकून टाकला तरी ‘हे माझं आहे’ असं सांगण्याचा हक्क विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटाही पक्का केला. हा कायदा आपल्यालाही तसाच लागू आहे. आठवी शिकलेल्या बाईने रचलेलं गाणंही तिचंच. त्यासाठी आधी कुठे नोंदणी केली पाहिजे असं नाही. पण उद्या वाद झाला तर तारखेसह लिहून ठेवलेला कागद कामाला येतो.

मग बैठकीत गायचं की नाही? जरूर गायचं. हौशी मंडळाने तिकीट न लावता, पैसे न घेता गायला कायद्याची आडकाठी नाही. रेडिओवर वाजवायचं किंवा मासिकात छापायचं म्हटलं तर मात्र परवानगीची गोष्ट येते. म्हणूनच आज आम्ही त्यांची गाणी इथे म्हणून दाखवली नाहीत. ती तुम्ही शोधून ऐका. मोबाईलवर सापडतील, तालुक्याच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं मागा, आणि नाही मिळाली तर ‘मागवा’ असं लेखी सांगा. त्याहून सोपी वाट म्हणजे गावातल्या वस्तीत जा. तिथल्या एखाद्या आजीला किंवा जुन्या गायन पार्टीतल्या बाबांना पूर्ण गाणं पाठ असेल. त्यांना गायला सांगा आणि शेवटच्या कडव्यापर्यंत थांबा.

ऐकताना एकदा चालीसाठी ऐका, एकदा शब्दांसाठी आणि एकदा नावासाठी. पहिल्या वेळी पाय हलतील, दुसऱ्या वेळी मान हलेल आणि तिसऱ्या वेळी ‘वामन’ हा शब्द कुठे येतो ते सापडेल. ज्यांना ही गाणी नवी आहेत त्यांनी आधी दोनच घ्या, आज सांगितलेली. दहा एकदम ऐकून एकही न समजण्यापेक्षा दोन पाठ झालेली बरी.

आता काम. गटाच्या कपाटात सात वह्या असतात: इतिवृत्ताची, बचतीची, कर्जाची आणि बाकीच्या. त्यांत एक आठवी ठेवा, गाण्यांची. तिच्यात चार रकाने आखा. गाणं, शब्द कोणाचे, चाल कुठली, आणि आपल्याला शिकवलं कोणी. वामनदादांचं गाणं असेल तर दुसऱ्या रकान्यात त्यांचं नाव, आणि गटातल्या बाईचं असेल तर तिचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख. नाव ठाऊक नसेल तर रकाना रिकामा ठेवा, ‘पारंपरिक’ असं घाईने लिहू नका. रिकामा रकाना विचारत राहतो, आणि एक दिवस कोणीतरी त्याचं उत्तर घेऊन येतं.

मेळाव्यात गाणं म्हणण्याआधी एक वाक्य बोला: ‘हे गाणं अमक्यांनी रचलं आहे.’ त्याला पाच सेकंद लागतात. आणि वेळ कमी असेल, सूत्रसंचालन करणाऱ्या ताई घड्याळ दाखवत असतील, तर मधलं एखादं कडवं सोडा. मुखडा एकदाच म्हणा. पण शेवटचं कडवं गाळू नका. गाणं करणाऱ्याने आपलं नाव तिथे ठेवलेलं असतं.

पुढच्या महिन्यात तुमच्या गटाच्या वहीतली गाणी आम्हाला कळवा. दुसरा रकाना भरून.